ही ओल कुणाची?

आमच्या आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर एक डाग होता. 'होता' असे म्हणताना आजही जरा बिचकायला होते, कारण सहा वर्षे तो घरातल्या माणसासारखा आमच्यात राहिला. २०१८ च्या एप्रिलमध्ये तो प्रथम दिसला तेव्हा बशीएवढा होता. मे संपेपर्यंत छतापासून वीतभर अंतरावर येऊन ठेपला, रंगाचे पोपडे सुटू लागले आणि खाली कपाटावर पांढरी भुकटी पडू लागली. लोणा म्हणतात तो हाच. हिवाळ्यात डाग वाळला, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ओला झाला. नातीला त्यात हत्ती दिसे. मला वरच्या मजल्यावरची मोरी दिसे.

माझे तर्कशास्त्र साधे होते. ओल पावसाळ्यात आली असती तर पावसावर, म्हणजे पर्यायाने सोसायटीवर ढकलता आली असती. पण ऐन उन्हाळ्यात, ठाण्याचे आभाळ ठणठणीत कोरडे असताना भिंत ओली होते, याचा अर्थ पाणी घरगुती आहे. आणि त्या कोपऱ्याच्या बरोबर वर काकूंचे बाथरूम. आणखी पुरावा काय हवा?

काकू म्हणजे वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. वय पंचाहत्तरीच्या पुढे, मुलगा बंगळुरूला. आमच्या मुलाला दहावीचे संस्कृत त्यांनीच शिकवले, तेही पैशाला हात न लावता. दिवाळीत त्यांच्या चकल्या आणि आमच्या सौ.च्या करंज्या यांची जिन्यात देवघेव होई. अशा माणसाविरुद्ध मी २०१९ साली सोसायटीला पत्र दिले. सेक्रेटरींनी उपविधी दाखवले : बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून, सामाईक नळांतून येणारे पाणी ही सोसायटीची जबाबदारी, सदस्याच्या न्हाणीघरातून खाली येणारे पाणी ही त्या सदस्याची. एक प्लंबर आला, त्याने मान वर करून डाग पाहिला आणि "नहाणी ट्रॅप गेलाय" असा निकाल दिला. काकूंनी डिसेंबरमध्ये बाथरूम फोडले. आठ दिवस दादरला बहिणीकडे जाऊन राहिल्या, नवे वॉटरप्रूफिंग केले, नव्या टाइल्स बसवल्या. आमचा डाग वाळला. मी वर जाऊन आभार मानून आलो.

२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत सगळे घरात कोंडलेले असताना, हत्ती परत आला.

दुसरे पत्र मी लिहिले ते बँकेच्या भाषेत. आयुष्यभर थकबाकीदारांना नोटिसा लिहिल्या, हात बसलेला. त्या पत्रात 'काम निकृष्ट दर्जाचे' असा शब्दप्रयोग होता. त्यानंतर काकू आमच्याशी बोलल्या नाहीत. लिफ्टमध्ये गाठ पडली की दोघेही मजल्याच्या आकड्यांकडे पाहत उभे राहायचो.

या भांडणांचा विचार करताना मला नेहमी आमचे कोकणातले घर आठवते. तिथेही गळे. मे महिन्यात कौले शाकारली तरी पहिल्या जोराच्या पावसात कुठेतरी एखादे सरकलेले असेच. मग आजोबा काठीने ते कौल आतूनच सरकवायचे, तोवर खाली पातेले. कौलारू घरात गळती जिथे दिसे तिथेच, फार तर हातभर इकडे तिकडे असे. भांडण करायला वर कुणी राहतही नसे. स्लॅबच्या घरात मात्र पाणी एका ठिकाणी शिरते आणि भलत्याच ठिकाणी प्रकट होते. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांची भर असते, तिच्यात ते महिनोन् महिने साचून राहते. तिथून काँक्रीटमधल्या पोकळ्यांतून, विजेच्या वायरींच्या नळीतून वाट काढते आणि दोन खोल्या ओलांडून पंख्याच्या हुकाशी थेंब होऊन लटकते. आत जाताजाता ते सळयांपर्यंत पोहोचते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. म्हणून ओलीकडे दुर्लक्ष करणेही परवडत नाही. दिसते एकीकडे, असते दुसरीकडे, आणि मधली सहा इंच जाडी कुणाच्याच नजरेला पार करता येत नाही. शेजारधर्म बुडतो तो या सहा इंचांत.

उपाय सुचवला तो माझ्या भाच्याने. तो अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिकडे घर विकत घेण्याआधी स्वतंत्र निरीक्षक बोलावून घराची तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. त्याने घर घेतले तेव्हा निरीक्षकाने काढलेली छायाचित्रे आम्हाला पाठवली होती. बाहेर बर्फ, आणि चित्रात घर निळे-जांभळे, फक्त खिडक्यांच्या कडा आणि छताचा एक पट्टा नारिंगी. तिथून घरातली ऊब बाहेर पळत होती. थंड देशांत या कॅमेऱ्याचे मुख्य काम हेच. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महागले, तेव्हा भिंतींतून निसटणाऱ्या उष्णतेचा हिशेब मांडायची तिकडे गरज पडली. घरांच्या अशा तपासणीसाठी आंतरराष्ट्रीय मानकही १९८३ साली निघाले. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्याकडे ऊब नाही, पाणी शोधायला वापरतात हाच कॅमेरा. विचारून तर बघा."

विचारले. ठाण्यातच एक तरुण सिव्हिल इंजिनिअर हे काम करतो असे कळले. दुरुस्तीची कामे तो घेत नाही, फक्त शोधून देतो. याचे महत्त्व मला नंतर कळले. २०२४ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तो आला. हातात पिस्तुलासारखी मूठ असलेले, मिक्सरच्या भांड्याएवढे एक यंत्र. त्याची भिंग पाहून मी म्हणालो, "अहो, ही काळी आहे, हिच्यातून काय दिसणार?" तो हसला. ती काचेची नव्हतीच, जर्मेनियम नावाच्या मूलद्रव्याची होती. हा कॅमेरा ज्या किरणांवर चालतो त्यांना साधी काच अपारदर्शक असते. त्याने मला खिडकीसमोर उभे केले, तर पडद्यावर खिडकीपलीकडचे झाड नाहीच; माझीच अंधुक आकृती, आरशात दिसावी तशी. उलट नातीने वाण्याकडची पातळ काळी पिशवी तोंडासमोर धरली, तर पिशवीतून तिचा चेहरा लख्ख दिसला. आपल्या डोळ्यांचे नियम त्या जगात चालत नाहीत, हे पाच मिनिटांत पटले.

त्या जगाचा शोध लागला तोही एका अशाच घरगुती प्रयोगातून. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा वादक; इंग्लंडमध्ये बाथ शहरी ऑर्गन वाजवता वाजवता खगोलशास्त्रज्ञ झाला आणि १७८१ साली त्याने युरेनस ग्रह शोधला. सूर्याकडे दुर्बिणीतून पाहताना रंगीत काचा लावाव्या लागत. काही काचांतून उजेड कमी येई पण डोळा भाजे, काहींतून उलट. कुठल्या रंगात उष्णता किती, हे पाहण्यासाठी १८०० साली त्याने लोलकातून प्रकाशाचा पट्टा टेबलावर पाडला आणि एकेका रंगात तापमापी ठेवली. शेजारी, प्रकाशाबाहेर, आणखी दोन तापमापी तुलनेसाठी. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा चढत गेला, आणि तांबडा संपल्यावर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, सर्वांत वर चढला. तांबड्यापलीकडचा न दिसणारा प्रकाश. आपण ज्यांना अवरक्त किंवा इन्फ्रारेड किरण म्हणतो ते हेच. मला या गोष्टीत कौतुक वाटते ते त्या बाजूच्या दोन तापमापींचे. तुलना करायला काही नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही, हे त्याला ठाऊक होते. पुढे आमच्या घरात तोच धडा गिरवला गेला.

सूर्यच नव्हे, प्रत्येक वस्तू असे किरण सोडत असते. आपण, भिंत, माठ, बर्फाचा खडासुद्धा. वस्तू जितकी गरम तितके किरण अधिक, आणि ही वाढ फार झपाट्याने होते, म्हणून अर्ध्या अंशाचा फरकही टिपता येतो. करोनाच्या काळात सोसायटीच्या फाटकावर वॉचमन कपाळावर जी 'बंदूक' रोखत असे, तिचेही तत्त्व हेच. फक्त ती एका ठिपक्याचे तापमान सांगते. या कॅमेऱ्यात असे हजारो ठिपके असतात. आमच्या इंजिनिअरच्या कॅमेऱ्यात रुंदीला ३२०, उंचीला २४०, म्हणजे ७६,८०० बंदुका एकदम. १९६५ साली स्वीडनमधल्या आगा कंपनीने विजेच्या तारांच्या तपासणीसाठी असा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्याला थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागे. असे थंड करावे न लागणारे संवेदक अमेरिकेत हनीवेल कंपनीने लष्करासाठी बनवले आणि त्यावरचा गुप्ततेचा पडदा १९९२ मध्ये उठला. त्यानंतर ही यंत्रे हळूहळू स्वस्त होत होत आमच्या आतल्या खोलीपर्यंत आली.

पण पाणी कसे दिसते? त्याचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. माठातले पाणी गार का होते, तर माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्यावर उडून जाते आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. ओली भिंत म्हणजे मोठा माठच. कोरड्या भागापेक्षा ती दोन-तीन अंश गार असते, आणि कॅमेऱ्यात तो भाग गडद दिसतो. कॅमेरा पाणी पाहत नाही, भिंतीच्या पोटातही पाहत नाही; भिंतीच्या कातडीवरचा गारवा तेवढा पाहतो. "हे एवढं लक्षात ठेवा काका," तो मुलगा म्हणाला, "म्हणजे तुम्हाला कोणी फसवणार नाही." पावसाळ्यात माठ जसा गार होत नाही तशी दमट हवेत ही युक्तीही लंगडी पडते, म्हणून त्याने मुद्दाम मे महिना निवडला होता. येण्याआधी दोन तास पंखा बंद ठेवायला सांगितले होते, तेही याचसाठी.

त्याने कॅमेरा रोखला. पडद्यावर आमचा हत्ती निळाशार उमटला. मी सौ.कडे विजयी मुद्रेने पाहिले. तो मात्र गप्प होता. मग म्हणाला, "कपाट सरकवता येईल का?"

ते कपाट आम्ही बावीस वर्षांत हलवले नव्हते. शेजारच्या दोन मुलांना बोलावून चौघांनी ते ओढले. मागची भिंत पाहून सौ.ने तोंडाला पदर लावला. गिलाव्याला अक्षरशः भेगाळ सूज आली होती. कॅमेऱ्यात तो भाग वरच्या हत्तीपेक्षा कितीतरी गडद. आम्हाला सहा वर्षे जे दिसत होते ते ओलीचे टोक होते, तिचे मूळ कपाटामागे होते. त्याने कॅमेरा छताकडे वळवला. छत एकसारखे, कुठेही फरक नाही. खिशातून ओल मोजायचे छोटे यंत्र काढून त्याने भिंतीला आणि छताला जागोजागी टेकवले. भिंत ओली, छत कोरडे. "पाणी वरून येत असतं तर छत आधी ओलं झालं असतं," तो म्हणाला. "इथे पाणी भिंतीतून वर चढलंय. दिव्याच्या वातीसारखं."

मला ते मान्य करवेना. सहा वर्षांचा समज होता. मी म्हणालो, "वरचं बाथरूम एकदा तपासा." तो म्हणाला, "ते तर करणारच आहे," आणि एकटाच वर गेला. दार उघडताच काकूंनी विचारले, ते मला जिन्यात उभ्या उभ्या ऐकू आले, "आता आणखी काय फोडायचंय?"

"काही फोडायचं नाही काकू. फक्त तीन बादल्या गरम पाणी ओतायचंय."

त्यांनी गीझर लावला. नहाणी ट्रॅपच्या तोंडात फडके कोंबून बाथरूमभर गरम पाणी साठवले. पाणी खाली पाझरत असेल तर त्याबरोबर ऊबही येईल आणि गार कोपऱ्यात उजळ ठिपका उमटेल, असा हिशेब. आम्ही वाट पाहत बसलो. पाऊण तास गेला, दीड तास गेला. छत तसेच, कोपरा तसाच. केव्हातरी दाराशी सावली पडली. काकू उभ्या होत्या. चार वर्षांनी आमच्या घरात आल्या होत्या, आणि आत येत नव्हत्या. सौ.ने खुर्ची पुढे केली तेव्हा उंबऱ्याच्या आत एक पाऊल ठेवून तिच्या पाठीला हात धरून उभ्या राहिल्या.

मग त्या मुलाने घरात जिथे जिथे म्हणून पाणी असते ती प्रत्येक गोष्ट एकेक करून चालू करायला लावली. बेसिनचा नळ. संडासची टाकी. स्वयंपाकघरातला फिल्टर. प्रत्येक वेळी कोपऱ्याकडे कॅमेरा, प्रत्येक वेळी काही नाही. शेवटी त्याने भिंतीवर नजर फिरवली आणि विचारले, "काका, तुमच्या एसीचं पाणी कुठे जातं?"

मला ठाऊक नव्हते. बाहेर जात असणार, एवढेच.

२०१७ साली मुलाच्या लग्नाआधी त्या खोलीचे नूतनीकरण केले, तेव्हा एसी बसवला होता. नळ्या भिंतीवरून नेल्या तर वाईट दिसतील म्हणून आमच्याच हौसेखातर भिंतीला खाच पाडून त्या आत दडवल्या आणि वरून गिलावा केला. त्यात तांब्याच्या नळ्यांसोबत पाण्याची एक प्लास्टिकची नळीही होती. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज गाळतो. रात्रभरात अर्धी बादली. एसी लावला. थंड झोत भिंतीवर येऊन फसगत होऊ नये म्हणून त्याच्या पट्ट्या उलट दिशेला वळवल्या. दहा मिनिटांनी पडद्यावर एसीपासून निघणारी एक बारीक गडद रेघ उमटू लागली. तिरकी, उतरती, थेट कपाटामागच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथे, बाहेर जाण्याआधीच, तिचे तळे झाले.

खोलीत कुणी बोलेना. त्या मुलाने मात्र घाई केली नाही. नळ्यांचा गारवाही असा दिसू शकतो, म्हणाला, आणि एसी बंद करून त्याच्या तबकात एक तांब्या गरम पाणी हळूहळू ओतले. थोड्याच वेळात, त्या निळ्या तळ्याच्या मधोमध, पांढरा ठिपका उगवला. वरच्या तीन बादल्यांनी जे केले नाही ते या एका तांब्याने केले. भिंतीच्या आत नळीचा सांधा सुटलेला होता.

"म्हणजे एसी उन्हाळ्यात लावायचे, म्हणून उन्हाळ्यात ओल," काकू म्हणाल्या. आवाज वर्गात फळ्यासमोर असावा तसा, शांत. आणि त्या वर गेल्या. डिसेंबरात बाथरूम दुरुस्त केल्यावर आमचा डाग वाळला होता, तो एसी बंद होता म्हणून, हे मला तेव्हा उमगले.

त्या मुलाने जाता जाता आणखी एक गोष्ट केली. एसी इतका वेळ चालला होता, त्याचा फायदा घेऊन दाराजवळच्या विजेच्या पेटीवरून कॅमेरा फिरवला. सगळे खटके एका रंगाचे, एसीचा तेवढा पांढराफटक. बाकीचे ३७-३८ अंशांवर, हा ७१. आतला स्क्रू सैल झालेला. सैल जोडातून वीज जाताना अडते आणि तापते, तापून जोड आणखी सैल होतो. वास येईपर्यंत आपल्याला पत्ता नसतो. ओल सहा वर्षे दिसत होती म्हणून आम्ही तिच्यासाठी भांडलो. हा खटका गुपचूप तापत होता, त्याविषयी कुणी कुणाला पत्र लिहिले नव्हते. इलेक्ट्रिशियनला मी त्याच संध्याकाळी बोलावले.

एवढे सगळे पाहिल्यावर मला लहान मुलासारखा उत्साह आला होता. फरशीवर नातीच्या अनवाणी पावलांचे उजळ ठसे काही क्षण टिकलेले पाहून तर फारच. मी म्हणालो, समोरच्या इमारतीवर रोखा की जरा! त्याने कॅमेरा खाली घेतला. "त्यांची परवानगी नाही, काका." मला ते तेव्हा फाजील सोवळेपणाचे वाटले. पुढे वाचनात अमेरिकेतला एक खटला आला. १९९२ साली ऑरेगन राज्यातल्या फ्लोरेन्स गावी पोलिसांनी रस्त्यावर मोटारीत बसून डॅनी कायलो नावाच्या माणसाच्या घरावर असा कॅमेरा रोखला. गॅरेजचे छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांपेक्षा गरम दिसली. आत प्रखर दिवे लावून गांजाची लागवड चालली होती. माणूस गुन्हेगार होता, अंदाज बरोबर होता. तरीही २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की वॉरंटशिवाय घरातली ऊब अशी बाहेरून मोजणे ही घराची बेकायदा झडती आहे. भिंतीपलीकडे काही दिसले नव्हते. भिंत किती तापली एवढेच दिसले होते. पण घरात कोण केव्हा गरम पाण्याने अंघोळ करतो हेही भिंत सांगू शकते. तो मुलगा न्यायालयापेक्षा कमी शब्दांत तेच म्हणाला होता.

आता या कॅमेऱ्याची दुसरी बाजू. मोबाइलला जोडायची छोटी यंत्रे मिळू लागल्यापासून वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या हाती ती दिसू लागली आहेत. आमच्याच इमारतीत एकाने सेक्रेटरींना गच्चीची लालभडक चित्रे दाखवून घाबरवले. पण त्या चित्रातला लाल रंग खरा नसतो. यंत्र करड्या छटांवर हवे ते रंग चढवते, आणि समोर एका अंशाचा फरक असला तरी तो तांबड्यापासून निळ्यापर्यंत ताणून दाखवू शकते. बाजूच्या पट्टीवरचे आकडे न वाचता असे चित्र पाहणे म्हणजे नकाशावरचे अंतर प्रमाण न बघता मोजणे. बीम आणि विटांची भिंत वेगवेगळ्या वेगाने तापतात, म्हणून कोरडा बीमसुद्धा गडद पट्ट्यासारखा दिसतो. स्टीलचे पातेले तर धडधडीत खोटे बोलते; उकळत्या पाण्याने भरलेले असले तरी त्याचा चकचकीत पत्रा स्वतःचे किरण फार कमी सोडतो आणि समोरच्या भिंतीचे परत फेकतो, म्हणून ते गार दिसते. गच्चीचे गणित तर उलटेच असते. पाणी तापायला आणि निवायला काँक्रीटच्या कितीतरी पट उष्णता लागते, म्हणून दिवसभर तापलेली गच्ची सूर्यास्तानंतर निवू लागली की ओला भाग मागे राहतो आणि उबदार दिसतो. भरदुपारी काढलेले लालभडक चित्र गळतीचा पुरावा नव्हे. आमच्या सेक्रेटरींनी त्या गृहस्थांना संध्याकाळी पुन्हा यायला सांगितले. ते आले नाहीत.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की कॅमेरा बोलावण्यापूर्वी तो कुणाच्या हातात आहे हे पाहावे. डाग शोधणारा आणि डाग बुजवणारा एकच असेल तर त्याला डाग सापडणारच. चित्रासोबत त्याच जागेचा साधा फोटो, ओल मोजल्याचे आकडे, आणि कोणत्या वेळी, काय चालू, काय बंद ठेवून तपासणी केली, एवढे लेखी मागावे. आणि तपासणीच्या वेळी वरच्या आणि खालच्या, दोन्ही घरच्या माणसांनी एकत्र उभे राहून पडदा पाहावा. काकू त्या दिवशी खाली आल्या नसत्या, तर मी नंतर वर नेऊन दाखवलेल्या कागदावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

तो कागद, म्हणजे अहवाल, चार दिवसांनी आला. मी त्याची प्रत सोसायटीत दिली आणि माझी दोन्ही पत्रे मागे घेत असल्याचे लिहिले. या वेळी बँकेची भाषा कामाची नव्हती. तीन वेळा कागद फाडला. मग दुसरी प्रत घेऊन वर गेलो. काकूंनी ती चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी म्हणालो, "काकू, तुमच्या बाथरूमचा सगळा खर्च मी देणार आहे." नाही, नको, शेजारीपाजारी असे काही त्या म्हणतील असे मला वाटले होते, आणि खरे सांगायचे तर थोडी आशाही होती. त्या उठल्या, कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली आणि कंत्राटदाराच्या बिलाची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली. ३४,६०० रुपये. खाली निळ्या पेनने, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात, ९,२०० रुपये वजा केलेले होते.

"हे कसले?" मी विचारले.

"टाइल्सचे," त्या म्हणाल्या. "टाइल्स मला आवडल्यात. बसा, चहा टाकते."

आमच्या एसीची नळी आता भिंतीच्या बाहेरून जाते. वाईट दिसते. कोपऱ्याचा गिलावा नवा केला आहे, पण रंग अजून लावलेला नाही. भिंत पुरती सुकू द्या, घाई कराल तर पुन्हा पोपडे येतील, असे त्या मुलाने बजावले आहे. कपाट अजून खोलीच्या मधोमध उभे आहे.